साडेपाचचा रविवार

मोटोजीपी या मोटरसायकलींच्या जागतिक स्पर्धेची युरोपातली शर्यत तिथल्या घड्याळात दुपारी दोनला सुटते. उन्हाळ्यात त्यांच्यात आणि आपल्यात साडेतीन तासांचं अंतर, म्हणजे वाशिमला तेव्हा संध्याकाळचे साडेपाच. एप्रिलच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत माझे निम्मे रविवार या एका वेळेला बांधलेले असतात. शेतावरची चक्कर, सोयरिकीतली भेट, बाजार, जे काय असेल ते पाचच्या आत उरकायचं. साडेपाचला टीव्हीसमोर, आणि पावसाळ्यात लाइट गेली की मोबाइलवर. शर्यत पाऊण तासात संपते. ती संपल्यावर वहीत जो हिशेब मांडावा लागतो, त्याची गोडी मला शर्यतीइतकीच आहे.

समालोचक ‘सीझन’ म्हणतो तेव्हा माझ्या कानात ‘हंगाम’ हाच शब्द उमटतो. आमच्या जिल्ह्यात हंगाम म्हणजे काय हे कुणाला सांगावं लागत नाही. मृगाचा पाऊस पाहून सोयाबीन पेरायचं, मग डवरणी, फवारणी, दसऱ्याच्या आगेमागे सोंगणी, सुडी लावायची, मळणी, आणि शेवटी चौकात एकच प्रश्न: एकरी झडती किती आली? ऑगस्टमधल्या एखाद्या सकाळी पीक किती डोलत होतं, याला त्या हिशेबात जागा नसते. मोटोजीपीचं वर्षही असंच मोजतात. मार्च ते नोव्हेंबर, वीस-बावीस शर्यती आणि शेवटी एक बेरीज. एकच शर्यत पाहणारा विचारतो, कोण जिंकला? हंगाम पाहणारा विचारतो, ज्याचा आज दिवस नव्हता त्यानं किती वाचवलं?

मला हे वेड व्हॅलेंटिनो रॉसीनं लावलं. आमच्याकडे त्या दिवसांत आरएक्स हंड्रेड म्हातारी व्हायला लागली होती आणि २००१ मध्ये आलेली पल्सर गल्लोगल्ली दिसायला लागली होती. तिच्या टाकीवर पिवळ्या रंगात ४६ आकडा चिकटवलेला असायचा. चिकटवणाऱ्यांतल्या बऱ्याच पोरांना तो रॉसीचा नंबर आहे हेही माहीत नव्हतं. रॉसी २००३ मध्ये होंडावर विश्वविजेता झाला आणि जिंकणारी गाडी सोडून, मागे पडलेल्या यामाहाकडे गेला. १८ एप्रिल २००४ ला दक्षिण आफ्रिकेत वेल्कमला यामाहावरची पहिलीच शर्यत त्यानं जिंकली. शर्यत संपल्यावर तो एका बाजूला गाडी लावून तिच्याशेजारी खाली बसला होता. मशीन आणि माणूस यांचं नातं इतकं उघड मी त्याआधी कुठे पाहिलं नव्हतं. तेव्हापासून वही सुरू आहे.

वेग डोळ्यांनी जोखायची सवय आमच्या भागाला तशी जुनी. विदर्भातल्या शंकरपटात बैलजोडी सोडतात आणि निकाल सेकंदाच्या भागांत लागतो. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरच्या पटाचं नाव इकडे सगळ्यांना माहीत आहे. सर्वोच्च न्यायालयानं ७ मे २०१४ रोजी बैलांच्या शर्यती बंद केल्या, १६ डिसेंबर २०२१ ला महाराष्ट्राला अटींसह परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं राज्याचा कायदा वैध ठरवला. मधल्या साडेसात वर्षांत पट नव्हते, तेव्हा माझे वडील माझ्याशेजारी बसून मोटोजीपी पाहायला लागले. रायडरांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. ते त्यांना धुरकरीच म्हणत. पण एकदा पुढे असलेल्या रायडरकडे बोट दाखवून ते म्हणाले, “गाडी त्याचं आयकून नाही रायली.” मला काहीच वेगळं दिसत नव्हतं. दोन फेऱ्यांनंतर तो वळणावर पुढचं चाक गमावून खडीत गेला. वडिलांनी काय पाहिलं होतं? ब्रेक मारताना गाडीचं मागचं चाक आधी सरळ रेषेत राहत होतं, ते आता आडवं हलत होतं. जोडीतला एक बैल दबायला लागला की छकडा कसा तिरपा ओढतो, हे आयुष्यभर पाहिलेल्या डोळ्यांना एवढं पुरलं.

नव्या प्रेक्षकाला मी म्हणूनच सांगतो, सरळ पट्ट्याकडे पाहू नका, ब्रेककडे पाहा. सरळ पट्ट्यावर आकडा मोठा दिसतो. ब्रॅड बाइंडर या रायडरनं २०२३ मध्ये इटलीतल्या मुजेलोला ताशी ३६६.१ किलोमीटरचा वेग नोंदवला. १००० सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन आणि गाडीचं किमान वजन १५७ किलो, आपल्या दीडशे सीसीच्या पल्सरपेक्षा जेमतेम जास्त, मग वेग येणारच. कसब त्यापुढचं आहे. तो वेग काही सेकंदांत शंभराच्या खाली आणायचा, त्याच वेळी गाडी आत झुकवायची, साठ अंशांहून जास्त, इतकी की गुडघाच काय, कोपरही जमिनीला टेकतं. ब्रेकच्या डिस्क कार्बनच्या असतात आणि त्या थंड असताना धरतच नाहीत. टायरचंही तेच. सुटण्याआधी टायरांना विजेवर चालणारी पांघरुणं गुंडाळून ठेवलेली दिसतात ती याचसाठी. अकोला नाक्यावरचे आमचे मिस्त्री पहिल्यांदा हे पाहून म्हणाले होते, “लेकराले गुंडाळावं तसं गुंडाळून रायले बाप्पा टायरले!” त्या दिवसापासून पहिल्या फेरीत कुणी पडला की ते दुकानातून फोन करून कारण सांगतात: “थंडं होतं भाऊ टायर.” बहुतेक वेळा त्यांचं बरोबर असतं.

टायरवर थोडं थांबायला हवं, कारण आजच्या शर्यती तिथेच ठरतात. पुढच्या टायरमध्ये हवेचा दाब किती कमी चालेल याला नियमानं मर्यादा आहे. शर्यतीच्या ठरावीक भागात दाब त्याखाली राहिला तर निकालात सोळा सेकंद वाढवतात, म्हणजे जिंकलेली शर्यत हातची जाते. आता गंमत अशी की एकट्यानं पुढे धावणाऱ्याच्या पुढच्या टायरला समोरून वारा लागतो, टायर निवतं, दाब उतरतो. कुणाच्या मागे धावलं की पुढच्या गाडीची गरम हवा लागते आणि दाब चढतो. २ मार्च २०२५ ला थायलंडमधल्या बुरीरामला मार्क मार्केझ आरामात पुढे होता. सातव्या फेरीत त्यानं अचानक गाडी हळू केली आणि धाकटा भाऊ अलेक्स याला पुढे जाऊ दिलं. आमच्या घरात सगळे ओरडले, इंजिन गेलं म्हणून. इंजिनला काही झालं नव्हतं. त्यानं दाबाचा हिशेब केला होता. वीसेक फेऱ्यांचा बहुतांश भाग भावाच्या मागे राहून टायर तापवलं आणि तीन फेऱ्या उरल्या असताना पुढे जाऊन शर्यत जिंकली. ताशी तीनशेच्या पुढे जाणाऱ्या गाडीवर बसून एवढा थंड डोक्यानं विचार करणं मला अजूनही अचाट वाटतं.

शर्यतीचा आठवडा कसा असतो ते पटकन सांगतो. शुक्रवारी सराव, त्यातले पहिले दहा शनिवारच्या मुख्य पात्रता फेरीत थेट जातात, उरलेल्यांतून दोघं झगडून आत येतात. त्या पंधरा मिनिटांत कोण कुठल्या जागेवरून सुटणार हे ठरतं. २०२३ पासून शनिवारीच निम्म्या अंतराची एक स्प्रिंट शर्यतही होते, आपल्याकडे संध्याकाळी साडेसहाला. रविवारी दुपारी अडीचला मोटो-थ्री, पावणेचारला मोटो-टू, या धाकट्या गटांच्या शर्यती, आणि साडेपाचला मोठी. मोठीत पहिल्याला २५ गुण, मग २०, १६, १३, ११ आणि पुढे एकेक कमी होत पंधराव्याला १. स्प्रिंटमध्ये पहिल्याला १२, मग ९, ७, आणि पुढे एकेक उतरत नवव्याला १. म्हणजे एका आठवड्यात जास्तीत जास्त ३७. एवढं पाठ झालं की वही मांडता येते.

आणि वही कशाला मांडायची, हे २०२४ च्या हंगामानं दाखवलं. इटलीचा फ्रांचेस्को बान्याया डुकाटी कंपनीच्या मुख्य संघात होता. त्यानं त्या वर्षी वीसपैकी ११ मोठ्या शर्यती जिंकल्या. स्पेनचा होर्हे मार्टिन प्रामाक या खासगी संघाकडून डुकाटीच चालवत होता. त्यानं जिंकल्या ३. विश्वविजेता झाला मार्टिन, ५०८ विरुद्ध ४९८.

ज्यांनी फक्त ठळक बातम्या वाचल्या त्यांना हा अन्याय वाटला. वही पाहिली तर वाटत नाही. मार्टिन जिंकत नव्हता तेव्हा दुसरा येत होता, तिसरा येत होता, चौथा येत होता. बान्याया जिंकत नव्हता तेव्हा पुष्कळदा पडत होता. २५ मे २०२४, बार्सिलोना, शनिवारची स्प्रिंट. बान्याया पुढे, शेवटची फेरी, आणि पाचव्या वळणावर गाडी घसरली. १२ गुण मातीत. माझ्या वहीत त्या ओळीभोवती लाल पेनानं चौकोन आहे, कारण वर्षाअखेरीचा फरक १० गुणांचा निघाला. नोव्हेंबरच्या सुरुवातीला मलेशियातल्या सेपांगला स्प्रिंटमध्ये तो पुन्हा पडला. रविवारी जिंकला, तरी शेवटच्या आठवड्यात शिरताना मार्टिन २४ गुणांनी पुढे होता. शेवटची शर्यत व्हॅलेन्सियाला व्हायची होती, पण तिथे महापुरानं हाहाकार उडवला होता, म्हणून ती बार्सिलोनाला हलवली. बान्यायानं दोन्ही जिंकून पूर्ण ३७ घेतले. मार्टिन दोन्ही वेळा तिसरा आला, ७ आणि १६. चोवीसमधून चौदा गेले, दहा उरले.

आमच्याकडे एखादा शेतकरी एकाच वावरात विक्रमी सोयाबीन काढतो आणि दुसरं वावर पाण्याखाली जातं. शेजारच्याचं कुठलंच वावर नजरेत भरत नाही, पण सगळीकडून थोडं थोडं घरी येतं. दिवाळीला कुणाच्या घरी धान्य जास्त, हे गावाला माहीत असतं.

बान्याया-मार्टिनची गोष्ट इथे संपत नाही, खरं तर वाशिमच्या वाचकासाठी ती मागून सुरू होते. २०१५ आणि २०१६ मध्ये बान्याया आणि मार्टिन एकाच संघात होते, मोटो-थ्री गटात. दोघंही वीस वर्षांच्या आतले. आणि त्यांच्या हाताखालची गाडी होती महिंद्राची. ज्या नावाचे लाल ट्रॅक्टर आमच्या रिसोड-मालेगावच्या वावरांत रोज फिरतात, तीच मुंबईची महिंद्रा. कंपनी २०११ मध्ये १२५ सीसी गटातून या जागतिक स्पर्धेत उतरली होती. त्याच वर्षी त्याच गटात चेन्नईचा सरथ कुमार धावला, या स्पर्धेत उतरलेला पहिला भारतीय. पुढची काही वर्षं विजय हुकतच राहिला. मग २६ जून २०१६ ला नेदरलँड्समधल्या आसेनला बान्यायानं महिंद्राला पहिला विजय मिळवून दिला. मोटोजीपीत आसेनला ‘कॅथेड्रल’ म्हणतात, एवढं ते मानाचं मैदान. २०१७ च्या शेवटी महिंद्रा या स्पर्धेतून बाहेर पडली. पण २०२२ आणि २०२३ चा विश्वविजेता बान्याया आणि २०२४ चा विश्वविजेता मार्टिन, दोघंही कधीकाळी एका भारतीय कंपनीची गाडी चालवून पुढे आलेले, हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे. मला वाटतं हे शाळेतल्या पोरांना सांगायला हवं.

दुसरा धागा चाकणचा. पुण्याच्या बजाजनं २००७ मध्ये ऑस्ट्रियाच्या केटीएम कंपनीत हिस्सा घेतला आणि जानेवारी २०१२ मध्ये चाकणच्या कारखान्यात तयार झालेली दोनशे सीसीची ड्यूक बाजारात आणली. आज वाशिमच्या कॉलेजसमोर जी नारिंगी गाडी उभी दिसते, तिचा जन्म चाकणचा. केटीएम २०१७ पासून पूर्ण हंगाम मोटोजीपीत आहे. ९ ऑगस्ट २०२० ला चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनोला बाइंडरनं त्यांना पहिली शर्यत जिंकून दिली. हा दक्षिण आफ्रिकेचा पोरगा त्या वर्षी नुकताच मोठ्या गटात आलेला. कोरोनामुळे तिथे प्रेक्षक नव्हते, इथे रस्ते रिकामे होते. साडेपाचला मी आणि मिस्त्री दोघंही आपापल्या घरी, फोन कानाला.

मग नोव्हेंबर २०२४ मध्ये बातमी आली की केटीएम कर्जात बुडाली आहे आणि दिवाळखोरीच्या कायद्याखाली तिनं न्यायालयात धाव घेतली आहे. कर्ज हा शब्द आमच्या जिल्ह्यात हलक्यानं कुणी उच्चारत नाही. ती बातमी वाचताना कारखान्यातल्या माणसांचाच विचार मनात आला. शर्यतीचा संघ राहील की जाईल, हे महिनोन्‌महिने कळत नव्हतं, आणि अशा हवेत तिचा वीस वर्षांचा रायडर पेद्रो अकोस्ता दर रविवारी गाडीवर बसत होता. २०२५ मध्ये बजाजनं एकूण ८० कोटी युरोंची मदत उभी केली, आणि त्या वर्षाअखेरीस कंपनीचं नियंत्रण पुण्याकडे आलं. मोटोजीपीच्या मैदानावर पाच मोठ्या कंपन्या आहेत: डुकाटी, एप्रिलिया, केटीएम, होंडा, यामाहा. त्यांतल्या एकीची चावी आज आकुर्डीत आहे. चाकणला नोकरीला असलेली आमच्याकडची पोरं दिवाळीला गावी येतात तेव्हा मी त्यांच्याशी याच विषयावर बोलत बसतो.

महाराष्ट्रात मोटोजीपीच्या दर्जाचं सर्किट नाही. मातीवरच्या शर्यतींची परंपरा मात्र पुणे-नाशिक-कोल्हापूर पट्ट्यात आहे, आणि उंच उड्यांच्या सुपरक्रॉसची व्यावसायिक लीग भारतात सुरू झाली ती पुण्यातूनच, २८ जानेवारी २०२४ ला बालेवाडीच्या क्रीडासंकुलात. मोटोजीपी प्रत्यक्ष पाहायची तर मला एकदाच संधी मिळाली, ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर, सप्टेंबर २०२३ मध्ये. घरात गणपती बसलेले होते. आईनं “देव घरात असताना कुठं चालला?” असं विचारलं आणि डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी भरूनही दिली. अकोल्याहून रेल्वेनं दिल्ली, तिथून नोएडा.

टीव्हीवरचा आवाज किती छाटलेला असतो हे तिथे कळलं. सगळ्या गाड्या एकदम सुटल्या तेव्हा आवाज आधी छातीत शिरला आणि मग कानात. दुसरी गोष्ट टीव्ही दाखवूच शकत नाही ती म्हणजे ब्रेकच्या जागेवर गाडीचा पुढचा भाग किती खाली बसतो आणि मागचं चाक कसं हवेत तरंगतं. वडिलांनी इथे असायला हवं होतं, असं दिवसभर वाटत राहिलं.

२४ सप्टेंबरला ऊन असं होतं की आयोजकांनी २४ फेऱ्यांची शर्यत २१ वर आणली. मार्को बेझेक्की साडेआठ सेकंदांहून जास्त फरकानं जिंकला. तो रॉसीच्याच अकादमीत तयार झालेला आणि रॉसीच्याच संघाचा रायडर, त्यामुळे भारतातली पहिली शर्यत पिवळ्या रंगाच्याच नावावर गेली. बान्याया पडला. दुसऱ्या जागेसाठी मार्टिन आणि फ्रान्सचा फाबिओ क्वार्टारारो शेवटपर्यंत भांडले. मार्टिनच्या चामडी सूटची चेन मध्येच उघडली होती, ती त्यानं सरळ पट्ट्यावर धावत्या गाडीवर लावली. दुसरा आला आणि गाडीवरून उतरल्यावर उन्हानं कोलमडला. आपल्या मे महिन्यात दुपारी बारानंतर वखर चालवणाऱ्या माणसाला काय होतं ते मी पाहिलेलं आहे. चेहरा तोच होता. २०२४ च्या वेळापत्रकात भारताचं नाव होतं, मग ते गळालं. त्यानंतर ही शर्यत इथे झालेली नाही. मी तिकिटाचा कागद वहीत चिकटवून ठेवला आहे.

मार्क मार्केझबद्दल मी मुद्दाम शेवटी लिहितोय, कारण त्याचं एक पान मला फार जवळचं आहे. २०१३ मध्ये विसाव्या वर्षी, मोठ्या गटातल्या पहिल्याच हंगामात तो विजेता झाला. २०१९ पर्यंत त्या गटाची सहा विजेतेपदं. जुलै २०२० मध्ये स्पेनमधल्या हेरेसला पडला आणि उजव्या दंडाचं हाड मोडलं. काही दिवसांत तो पुन्हा गाडीवर बसला, घाई नडली, आतली पट्टी तुटली. त्या एका हातावर चार शस्त्रक्रिया झाल्या. जून २०२२ मधल्या चौथ्या वेळी अमेरिकेतल्या डॉक्टरांनी हाड कापून सुमारे तीस अंशांनी फिरवून पुन्हा जोडलं, कारण आधी ते वाकडंच जुळलं होतं. एवढं होऊनही होंडाची गाडी मागे पडतच गेली, तेव्हा त्यानं करार एक वर्ष शिल्लक असताना सोडला आणि २०२४ साठी ग्रेसिनी या खासगी संघाची आदल्या वर्षीची डुकाटी घेतली.

१ सप्टेंबर २०२४, रविवार. दुसऱ्या दिवशी पोळा होता. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेल्या खांद्यावर हळद आणि लोणी किंवा तूप चोळायचं, गरम पाण्यानं शेकायचं, आणि उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं. साडेपाचला स्पेनमधल्या अरागॉनची शर्यत सुटली तेव्हा मी गोठ्यात होतो, मोबाइल गव्हाणीच्या कडेला टेकवलेला, हात हळदीनं पिवळे. मार्केझ पहिल्या फेरीपासून पुढे होता. वडील बैलाच्या खांद्यावरून हात फिरवत अधूनमधून फोनकडे पाहत होते. मी त्यांना सांगितलं की या माणसाचा हात चारदा कापलेला आहे. त्यांनी शेवटच्या काही फेऱ्या काही न बोलता पाहिल्या. १०४३ दिवसांनी मार्केझ शर्यत जिंकला. वडील म्हणाले, “याचा खांदा शेकला पायजे.”

२०२५ साठी त्याला डुकाटीच्या मुख्य संघात घेतलं. मार्टिन २०२४ चा विजेता होणार होता, तरी त्याला ती जागा मिळाली नव्हती आणि तो एप्रिलियाकडे निघून गेला होता. तो निर्णय त्या वेळी मला कडू वाटला, आजही थोडा वाटतो. पण मार्केझनं काय हंगाम केला! अरागॉन, मुजेलो, आसेन, जर्मनी, ब्रनो, ऑस्ट्रिया, हंगेरी, शर्यतीच्या सलग सात आठवड्यांत शनिवारची आणि रविवारची, दोन्ही शर्यती त्याच्याच. हंगेरीचा आठवडा पुन्हा पोळ्यावर आला होता. शुक्रवारी, २२ ऑगस्टला पोळा, शनिवारी पोरांच्या लाकडी बैलांचा तान्हा पोळा आणि संध्याकाळी स्प्रिंट. सलग सातवेळा ३७ लिहिताना वहीतलं पान छापल्यासारखं दिसायला लागलं. त्याच वेळी तीच गाडी असलेला बान्याया झगडत होता आणि वर्षाअखेरीस पाचवा राहिला. शेजारशेजारची दोन वावरं, एकच बियाणं.

२८ सप्टेंबरला जपानमधल्या मोटेगीची शर्यत होती, आपल्या सकाळी साडेदहाला. तो दुसरा आला आणि तेवढं पुरेसं होतं. २०१९ च्या विजेतेपदानंतर २१८४ दिवसांनी सातवं, सगळे गट धरून नववं. बाजूला थांबून तो रडला. पुढच्याच रविवारी इंडोनेशियात पहिल्या फेरीत बेझेक्कीची गाडी मागून आदळली, मार्केझ पडला, आणि पुन्हा उजवीच बाजू, उजवा खांदा. उरलेल्या चार शर्यती तो खेळला नाही. तरीही ५४५ गुणांवर वर्ष संपलं, आणि दुसरा आला भाऊ अलेक्स.

हे सगळं लिहिताना एक गोष्ट टाळता येत नाही. २३ ऑक्टोबर २०११ ला सेपांगला इटलीचा मार्को सिमोनचेल्ली गेला, चोवीस वर्षांचा. मी ती शर्यत पाहत होतो. त्यानंतर काही आठवडे वही उघडली नाही. आज रायडर ताशी दोनशेनं घसरतो आणि उठून चालायला लागतो, याला कारणं आहेत: २०१८ पासून सक्तीचा झालेला हवेच्या पिशवीचा सूट, वळणाबाहेरची मोकळी जागा, खडीचे पट्टे, झटपट पोचणारे डॉक्टर. अकोला-वाशिम रस्त्यावर यातलं काही नाही. समृद्धी महामार्ग आमच्या कारंजा, मंगरुळपीर, मालेगाव तालुक्यांतून जातो, पण त्यावर दुचाकीला प्रवेशच नाही, आणि ते योग्यच आहे. माझ्याबरोबर शर्यत पाहायला बसणाऱ्या पोरांना माझी एकच अट असते. येताना डोक्यावर हेल्मेट दिसलं पाहिजे, नाहीतर परत जा. दोघं परत गेले होते, पुढच्या रविवारी हेल्मेट घेऊन आले.

२०२६ चं वेळापत्रक आलं आहे. सुरुवात पुन्हा बुरीरामला, १ मार्चला, तेव्हा आमचा हरभरा खळ्यात असेल. २२ मार्चला ब्राझीलमध्ये गोयानिया, त्यानंतर लगेच ऑस्टिन, दोन्ही आपल्याकडे रात्रीच्या. २०२७ मध्ये इंजिनं १००० वरून ८५० सीसीवर येतील आणि मिशेलिनऐवजी पिरेलीचे टायर लागतील, म्हणजे आत्ताची सगळी गणितं आणखी एक वर्षच चालायची. दर वर्षीप्रमाणे मी कालनिर्णयवर पेन्सिलनं वेळा मांडल्या: जपान सकाळी साडेदहा, ऑस्ट्रेलिया साडेआठ, मलेशिया साडेबारा, कतार रात्री साडेदहा, युरोप साडेपाच. वडिलांनी चष्मा लावून ते पान पाहिलं आणि विचारलं, यंदा पोळ्याला कुठली येते?